स्टँटन ड्रूच्या कुरणाखाली काय दडलंय?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, ब्रिस्टलच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर स्टँटन ड्रू नावाचं एक छोटं गाव आहे. वस्ती आठशेच्या आसपास. शेजारून च्यू नावाची लहानशी नदी वाहते. गावाच्या कडेला गुरं चरण्याचं एक कुरण आहे, आणि त्या कुरणात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास माणसांनी आणून मांडलेले प्रचंड दगड आहेत. त्यांची तीन वर्तुळं होतात. सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास ११३ मीटर. इंग्लंडमध्ये याहून मोठं शिलावर्तुळ एकच, ते एव्हबरीचं. जगप्रसिद्ध स्टोनहेंजमधलं मोठ्या दगडांचं वर्तुळ फक्त ३० मीटरचं आहे. स्टँटन ड्रूचं सर्वांत लहान वर्तुळच जवळपास तेवढं भरतं.

एवढं असूनही हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं, आणि त्यामागचं कारण कळण्यासारखं आहे. इथले बरेच दगड आडवे पडलेले आहेत, काही गवतात अर्धे रुतलेले आहेत. स्टोनहेंजसारखे उभ्या खांबांवर ठेवलेले आडवे दगड इथे नाहीत, दगडांना घडीवही रूप नाही. मोठं वर्तुळ इतकं मोठं आहे की मध्ये उभं राहिलं तर ते वर्तुळ आहे हेच पटकन ध्यानात येत नाही. पाहणारा थोडा हिरमुसतो. पण या जागेतली सर्वांत मोठी रचना डोळ्यांना दिसतच नाही. ती गवताखालच्या मातीत आहे, आणि १९९७ साली एकही फावडं न मारता ती सापडली. ती कशी सापडली, हे समजलं की जमिनीकडे पाहण्याची आपली नजरच बदलते.

आधी जमिनीवर काय आहे ते पाहू.

मोठ्या वर्तुळात मुळात तीसएक दगड असावेत; त्यांतले सव्वीस-सत्तावीस उरले आहेत. त्याच्या ईशान्येला ३० मीटरचं वर्तुळ आहे. त्यात आठ दगड आहेत, आणि उंची-जाडीने ते इथले सर्वांत भारदस्त. तिसरं वर्तुळ नैर्ऋत्येला आहे, साधारण ४० मीटरचं, पण ते खासगी जमिनीत आहे आणि त्याचे दगड पडलेले आहेत. पहिल्या दोन वर्तुळांपासून नदीच्या दिशेने दगडांच्या आखूड दुहेरी रांगा निघतात. म्हणजे माणसं नदीकडून वर येत असावीत आणि या वाटांनी आत शिरत असावीत, असा अंदाज करायला जागा आहे. याशिवाय गावातल्या ‘द ड्रुइड्स आर्म्स’ नावाच्या पबच्या बागेत तीन शिळांचा एक गट आहे, दोन उभ्या आणि मध्ये एक आडवी. त्याला ‘कोव्ह’ म्हणतात. नदीपलीकडच्या चढावर आणखी एक दगड पडून आहे, त्याचं नाव ‘हॉटव्हिल्स क्वॉइट’. तो एकेकाळी बराच मोठा होता. रस्ता दुरुस्तीसाठी लोकांनी त्याचे तुकडे काढून नेले.

हे सगळं विखुरलेलं वाटतं, पण नकाशावर पट्टी ठेवून बघा. ईशान्येचं वर्तुळ, मोठं वर्तुळ आणि पबच्या बागेतला कोव्ह यांचे मध्य एका सरळ रेषेत येतात. नैर्ऋत्येचं वर्तुळ, मोठं वर्तुळ आणि नदीपलीकडचा एकटा दगड यांची दुसरी सरळ रेषा होते. दोन्ही रेषा मोठ्या वर्तुळाच्या मध्यावर एकमेकींना छेदतात. एक रेषा योगायोगाने जुळली असं मानता येईल. दोन जुळतात तेव्हा कुणीतरी ही सारी जागा एकत्र डोळ्यांसमोर ठेवली होती, असं मानणं मला जास्त पटतं.

गावकऱ्यांनी या दगडांचा अर्थ आपल्या परीने लावला होता. शनिवारी एका लग्नाची वरात इथे नाचत होती. मध्यरात्र झाली, रविवार लागला. रविवार हा प्रार्थनेचा दिवस, म्हणून वाजवणाऱ्याने हात आखडता घेतला. नवरी हट्टाला पेटली: वाजवणारा आणायला नरकात जावं लागलं तरी चालेल, पण नाच थांबणार नाही. तेवढ्यात एक म्हातारा हजर झाला आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. ताल वाढत गेला, कुणाला थांबता येईना, आणि पहाटे सगळी वरात दगड होऊन गेली. कोव्हमधले तीन दगड म्हणजे नवरा, नवरी आणि पिऊन आडवा झालेला धर्मगुरू. या दगडांची मोजणी करायची नाही, असाही दंडक होता. मोजणारा जागीच मरतो किंवा अंथरूण धरतो, अशी समजूत. १७४० साली बाथ शहराचे वास्तुरचनाकार जॉन वुड यांनी तरीही मोजणी करून आराखडा काढला. त्या सुमारास मोठं वादळ झालं आणि गावकऱ्यांनी त्याचं खापर वुड यांच्यावर फोडलं. मला या कथेत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दगड कुणी मांडले याची आठवण पुसली गेली होती, पण इथे माणसं जमत, समारंभ होत, ही कल्पना मात्र लोकांच्या मनात दगडांना चिकटून राहिली.

वुड यांच्या आधी प्राचीन अवशेषांचे अभ्यासक जॉन ऑब्री १६६४ मध्ये आणि विल्यम स्टकली १७२३ मध्ये इथे येऊन गेले होते. दोघांनीही दगडांच्या नोंदी केल्या. पुढची पावणेतीनशे वर्षं अभ्यास म्हणजे दगडांचाच अभ्यास होता. मातीकडे पाहायचं साधनच नव्हतं.

आता ते साधन.

माणसाने एकदा जमिनीत खोल खड्डा खणला की तो कायमचा नोंदला जातो. खड्डा बुजतो, वर गवत उगवतं, नांगर फिरतो, जमीन सपाट दिसते. पण खड्ड्यात जी माती भरली गेली ती आजूबाजूच्या मातीसारखी नसते. याचं कारण लोह. बहुतेक सगळ्या मातीत लोहाची ऑक्साइडं थोड्याफार प्रमाणात असतात. जमिनीच्या खालच्या थरात ती अशा रूपात असतात की त्यांचं चुंबकत्व अगदी क्षीण असतं. वरच्या सुपीक थरात मात्र दोन गोष्टी घडतात. एक, माणूस तिथे राहतो, चुली पेटवतो, रान जाळतो. उष्णतेमुळे आणि जळताना हवा कोंडल्यामुळे क्षीण ऑक्साइडांचं रूपांतर जास्त चुंबकीय ऑक्साइडांत होतं. दोन, कुजणारा पाला आणि मातीतले सूक्ष्म जिवाणू हेच काम विस्तवाशिवाय, हळूहळू करत राहतात. त्यामुळे वरची माती खालच्या मातीपेक्षा किंचित जास्त चुंबकीय असते.

खांबासाठी खड्डा खणला, खांब कुजला किंवा काढला, आणि पोकळी वरून घसरलेल्या मातीने भरली, तर काय होईल? कमी चुंबकीय मातीच्या मधोमध जास्त चुंबकीय मातीचा एक दंडगोल तयार होईल. तो कितीही जुना झाला तरी तसाच राहतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तो स्वतःची एक लहानशी भर घालत असतो. मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण, ही भर पकडतो.

अडचण अशी की ही भर अतिशय लहान असते. दक्षिण इंग्लंडमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४८ हजार नॅनोटेस्ला असतं (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). बुजलेल्या खड्ड्यामुळे त्यात पडणारा फरक काही मोजक्या नॅनोटेस्लांचा, पुष्कळदा एकाच्या आसपासचा. त्यात पृथ्वीचं क्षेत्र सूर्याच्या प्रभावाने दिवसभरात स्वतःच पंचवीस-पन्नास नॅनोटेस्लांनी वरखाली होत असतं. म्हणजे ज्या पायावर मोजायचं तो पायाच हलतो.

यावर काढलेली युक्ती सुरेख आहे. एका सेन्सरऐवजी दोन सेन्सर एकाच उभ्या दांडीवर, अर्धा किंवा एक मीटर अंतराने, एकावर एक लावायचे. पृथ्वीचं मोठं क्षेत्र आणि त्याचे दिवसभराचे चढउतार दोघांनाही सारखेच जाणवतात. जमिनीतला खड्डा मात्र खालच्या सेन्सरला जवळ असल्यामुळे जास्त जाणवतो, वरच्याला कमी. दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली की सारखं ते सगळं उडून जातं आणि खड्डा तेवढा उरतो. वळवळणाऱ्या मांजराचं वजन करायचं असेल तर आधी त्याला कडेवर घेऊन वजन करायचं, मग आपलं एकट्याचं, आणि एकातून दुसरं वजा करायचं. तसाच हा हिशेब.

प्रत्यक्षात हे काम अत्यंत कंटाळवाणं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. शेतात दोऱ्या लावून ३० मीटरचे चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनात एकेक मीटर किंवा त्याहून कमी अंतराच्या रेषांवरून उपकरण घेऊन एकाच वेगाने चालायचं. चालणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कणही नको: पट्ट्याचं बक्कल नको, किल्ल्या नकोत, बुटातली खिळ्यांची टाच नको. कुंपणाची तार, गंजलेला नाल, नांगराचा तुटका फाळ, यांपैकी काहीही जवळ असेल तर आकडा उसळी मारतो आणि शेजारचा खरा खड्डा त्यात बुडून जातो. हजारो आकडे जमले की संगणकावर त्यांचं चित्र करतात. जास्त आकडा गडद, कमी आकडा फिकट. आणि मग कुरणाखालचा नकाशा वर येतो.

पुरातत्त्वात ही पद्धत पहिल्यांदा १९५८ साली वापरली गेली. ऑक्सफर्डचे मार्टिन एटकेन यांनी वॉटर न्यूटन इथे तिच्या साहाय्याने रोमन काळातल्या मातीच्या भट्ट्या शोधल्या. भट्टी हे सोपं सावज, कारण भाजलेली माती चांगलीच चुंबकीय होते. नुसत्या मातीने भरलेले, हजारो वर्षं जुने खड्डे दिसायला उपकरणं आणखी बरीच नाजूक व्हावी लागली.

१९९७ मध्ये ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेच्या तज्ज्ञांनी स्टँटन ड्रूच्या कुरणात हे सर्वेक्षण केलं. पडद्यावर जे आलं त्याची कुणाला कल्पना नव्हती. मोठ्या दगडी वर्तुळाच्या आत, एकात एक अशी खड्ड्यांची नऊ वर्तुळं होती. सर्वांत आतलं २३ मीटर व्यासाचं, सर्वांत बाहेरचं ९५ मीटरचं. एकूण खड्डे चारशेच्या वर. एकेक खड्डा मीटरभर किंवा त्याहून रुंद. आणि या सगळ्याला, दगडांच्याही बाहेरून, वेढणारा एक बुजलेला खंदक होता, १३५ मीटर व्यासाचा आणि सुमारे सात मीटर रुंद. त्याला ईशान्येच्या बाजूला चांगलं ऐसपैस प्रवेशद्वार ठेवलेलं होतं. ईशान्येच्या लहान वर्तुळाच्या मध्यावरही चार खड्डे चौकोनात मांडलेले दिसले.

मीटरभर रुंदीचे खड्डे इतक्या शिस्तीत वर्तुळात खणण्याचं सर्वांत सयुक्तिक कारण म्हणजे लाकडी खांब. तसं मानायला आधार आहे. १९२५ साली वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल यांना स्टोनहेंजजवळच्या एका शेतात, विमानातून, ठिपके असलेलं एक वर्तुळ दिसलं. पुढच्या तीन वर्षांत बेंजामिन आणि मॉड कनिंग्टन या दांपत्याने तिथे उत्खनन केलं. एकात एक अशी खांबांच्या खड्ड्यांची सहा लंबवर्तुळं निघाली, एकूण १६८ खड्डे. ती जागा आज ‘वुडहेंज’ म्हणून ओळखली जाते. एव्हबरीजवळच्या ‘सँक्च्युअरी’ इथे १९३० मध्ये आणि वुडहेंजच्या शेजारच्या डरिंग्टन वॉल्स इथे १९६७ मध्ये अशीच लाकडी वर्तुळं उघडी पडली. स्टँटन ड्रूचा नकाशा याच घराण्यातला आहे, फक्त आकाराने कितीतरी मोठा. वुडहेंजचं बाहेरचं वर्तुळ चाळीसएक मीटरचं, इथलं ९५ मीटरचं.

म्हणजे आज ज्या कुरणात आपण दगड बघायला जातो, तिथे एकेकाळी शेकडो जाडजूड खांबांचं रान उभं होतं. दगड ही त्या रानाची कडा.

या जागेला ‘विधीची जागा’ का म्हणतात? पुरातत्त्वज्ञांना एखाद्या गोष्टीचा उपयोग कळला नाही की ते तिला धार्मिक ठरवून मोकळे होतात, अशी टीका नेहमी होते, आणि ती पुष्कळदा रास्तही असते. इथे मात्र कारणं देता येतात. या प्रकारच्या वेढ्यांमध्ये खंदक साधारणपणे आतल्या बाजूला असतो आणि त्यातून काढलेल्या मातीचा बांध बाहेरच्या बाजूला. शत्रूला अडवायचं असतं तर हे उलट हवं होतं; आधी खंदक ओलांडायला लावायचा, मग बांध चढायला. आत खंदक असलेली जागा बचावासाठी निरुपयोगी. ती काहीतरी वेगळं राखण्यासाठी आखलेली दिसते, आतल्या जागेला बाहेरच्या रोजच्या जगापासून तोडण्यासाठी. दुसरं, अशा एकात एक नऊ वर्तुळांवर छप्पर घालून राहण्याजोगं घर करणं व्यवहारात बसत नाही. तिसरं, डरिंग्टन वॉल्सच्या उत्खननात डुकरांच्या हाडांचे ढीग सापडले. हाडांच्या रासायनिक तपासणीतून असं दिसलं की ती डुकरं ब्रिटनच्या दूरदूरच्या भागांतून आणलेली होती. लोक लांबून येत होते, जनावरं घेऊन येत होते, एकत्र जेवत होते. स्टँटन ड्रूमध्येही तसंच घडत असे, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण इथे तसं उत्खनन झालेलं नाही. पण एवढे खांब तोडणं, ओढून आणणं, उभे करणं एका वाडीचं काम नाही. त्यासाठी बऱ्याच वस्त्यांचे हात लागतात, आणि त्या सगळ्यांना पटेल असं कारण लागतं.

लाकूड आणि दगड यांच्या नात्याबद्दल एक लक्षवेधी मत १९९८ मध्ये पुढे आलं. पुरातत्त्वज्ञ माइक पार्कर पीअरसन आणि मादागास्करचे त्यांचे सहकारी रामिलिसोनिना यांनी ते मांडलं. मादागास्करमध्ये जिवंत माणसांची घरं नाशवंत लाकडाची आणि पूर्वजांची स्मारकं टिकाऊ दगडाची असतात. त्यावरून त्यांनी सुचवलं की स्टोनहेंजच्या परिसरातही लाकडी वर्तुळं जिवंतांची आणि दगडी वर्तुळं मृतांची असावीत. हे मत देखणं आहे. मला मात्र एका देशाची रीत हजारो मैल आणि हजारो वर्षं दूरच्या समाजाला लावताना हात राखूनच लावावी असं वाटतं. स्टँटन ड्रूमध्ये तर दोन्ही एकाच जागी, एकात एक आहेत. इथे लाकूड आणि दगड एकमेकांसोबत उभे होते, की खांब कुजल्यावर त्या जागेची खूण म्हणून दगड आले, हाच मूळ प्रश्न आहे.

मॅग्नेटोमीटर त्याचं उत्तर देऊ शकत नाही, आणि ही त्याची मोठी मर्यादा आहे. तो कुठे काय आहे ते सांगतो; कधीचं ते सांगत नाही. त्याच्या चित्रात पाच हजार वर्षांपूर्वीचा खड्डा आणि गेल्या शतकातला चर शेजारी शेजारी, सारख्याच रंगात दिसतात. काळ ओळखायचा तो आकारावरून आणि दुसऱ्या उत्खनित जागांशी तुलना करून.

म्हणून एकाच उपकरणावर विसंबत नाहीत. २००९ पासून स्थानिक पुरातत्त्व मंडळाने इथे पुन्हा सर्वेक्षणं केली आणि या वेळी विजेचाही वापर केला. जमिनीत खुंट्या रोवून त्यांतून अगदी थोडा प्रवाह सोडायचा आणि जमीन त्याला किती विरोध करते ते मोजायचं. बुजलेल्या खंदकात ओल जास्त धरते, तिथून वीज सहज जाते. दगडांच्या भरावातून ती अडखळते. या कामातून मोठ्या वर्तुळाच्या खंदकाला नैर्ऋत्येलाही एक प्रवेशद्वार असल्याचं दिसलं. आणि पबच्या बागेतल्या त्या तीन शिळांभोवती एका लांबट दफन-टेकाडाच्या खुणा मिळाल्या. तशी टेकाडं शिलावर्तुळांच्या सुमारे हजार वर्षं आधीची असतात. हे बरोबर असेल तर नवरा, नवरी आणि धर्मगुरू हे खरं तर एका जुन्या थडग्याच्या दारातले दगड आहेत, आणि वर्तुळं मांडणाऱ्यांनी आपली पहिली सरळ रेषा मुद्दाम त्या थडग्याला जोडून घेतली असणार. त्यांच्यासाठीही ही जागा आधीच प्राचीन होती.

मग खणत का नाहीत, असं कुणीही विचारेल. उत्खनन म्हणजे पुरावा वाचता वाचता नष्ट करणं. खड्ड्यातली माती एकदा उपसली की ती पुन्हा त्याच थरांत ठेवता येत नाही. १९३० मध्ये सँक्च्युअरी खणणाऱ्यांना किरणोत्सर्गी कार्बनने काळ काढता येतो हे ठाऊक नव्हतं, कारण ती पद्धतच १९४० च्या दशकाअखेर आली. त्यांनी जे कोळशाचे कण मातीसोबत टाकून दिले असतील, त्यांत आज आपल्याला तारखा दिसल्या असत्या. त्यामुळे स्टँटन ड्रू न खणता राखून ठेवलं आहे, हे मला योग्यच वाटतं. तरी एक छोटा चर मात्र खणला जावा, अशी माझी इच्छा आहे. नऊ वर्तुळांपैकी एकाच वर्तुळातल्या दोन-तीन खड्ड्यांवर आणि त्यांच्या लगतच्या एका दगडाच्या बैठकीवर तो पुरेल. खांब खड्ड्यात सरकवण्यासाठी एका बाजूला उतार काढलेला असतो. तो दिसला तर खड्ड्यांत खांब होते हे नक्की होईल. खांबाच्या बुडाशी हरणाच्या शिंगाचं खणायचं हत्यार टाकून दिलेलं मिळालं, तर त्यावरून खणल्याचा काळ काढता येईल. आणि दगडाच्या बैठकीखालूनही तसंच काही मिळालं, तर दोन तारखा शेजारी ठेवून आधी लाकूड आलं की दगड, हे सांगता येईल.